पोलंडमधील विगिल्या : नाताळच्या आदल्या संध्याकाळची पंगत कशी मांडावी आणि तिला कसे जावे

पोलंडमध्ये नाताळचा सर्वांत मोठा सोहळा २५ डिसेंबरला नव्हे, तर २४ डिसेंबरच्या संध्याकाळी होतो. या संध्याकाळला ‘विगिल्या’ म्हणतात आणि हे नाव जागरण या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. २०२१ च्या जनगणनेत देशातील सुमारे ७१ टक्के लोकांनी आपण रोमन कॅथलिक असल्याचे नोंदवले. पण एरवी चर्चची पायरी क्वचितच चढणारी कुटुंबेही विगिल्याच्या टेबलाभोवती तितक्याच निष्ठेने जमतात. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी वॉर्सा, क्राकूफ, व्रोत्सवाफ अशा शहरांत राहणाऱ्या मराठी माणसाला सहकाऱ्याच्या, घरमालकिणीच्या किंवा सासरच्या घरून या जेवणाचे बोलावणे येते, तेव्हा ते साधे मेजवानीचे आमंत्रण समजू नये. ही संध्याकाळ पोलिश माणूस अगदी जवळच्या माणसांसाठी राखून ठेवतो. पुढील मजकूर अशा पाहुण्यासाठी आहे आणि आपल्या घरी, पोलिश जोडीदारासाठी किंवा मित्रांसाठी, विगिल्या मांडू इच्छिणाऱ्यासाठीही आहे. एक गोष्ट मात्र आरंभीच सांगायला हवी. या संध्याकाळचा गाभा प्रसिद्ध बारा पदार्थांत नसून ‘ओप्वातेक’ नावाच्या, कागदाइतक्या पातळ पांढऱ्या पापडीत आहे. वेळ अपुरा असेल तर पदार्थ खुशाल कमी करावेत. ओप्वातेकचा विधी मात्र घाईने उरकू नये.

आधीचे दिवस

नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा आगमनकाळ हा शांत राहण्याचा काळ मानतात. या दिवसांत पहाटे, अजून अंधार असतानाच, येशूची आई मरिया हिच्या सन्मानार्थ ‘रोराती’ नावाच्या मिस्सा, म्हणजे चर्चमधील सामूहिक उपासना, होतात आणि मुले हातात कंदील घेऊन त्यांना जातात. ज्याला हा सण आतून समजून घ्यायचा आहे त्याने एखाद्या रोरातीला अवश्य जावे. थंडीत डोलत येणारे ते कंदील पाहिल्यावर विगिल्याच्या संध्याकाळी सगळे जण कशाची वाट पाहत असतात हे न सांगता उमगते. ६ डिसेंबरला संत निकोलसचा दिवस येतो आणि त्या दिवशी मुलांना लहानशी भेट मिळते. क्राकूफमध्ये असाल तर डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी मुख्य चौकातील पोलिश कवी आदाम मित्सक्येविच यांच्या पुतळ्यापाशी जावे. पुठ्ठा आणि चकचकीत रंगीत चांदी-कागद वापरून क्राकूफच्या चर्चच्या मनोऱ्यांच्या धर्तीवर घडवलेले ख्रिस्तजन्माचे देखावे, म्हणजे ‘शोप्का’, तेथे स्पर्धेसाठी मांडले जातात. ही स्पर्धा १९३७ मध्ये सुरू झाली, आणि शोप्का घडवण्याच्या कलेचा २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

स्वतः पंगत मांडणाऱ्याने दोन गोष्टींची सोय लवकर करावी. पहिली म्हणजे ओप्वातेक. तो आपल्या भागातील चर्चमध्ये आगमनकाळात मिळतो. त्यावर गव्हाणीतल्या बाळ येशूचे किंवा त्याच्या पवित्र कुटुंबाचे चित्र उठवलेले असते, आणि तो केवळ मैदा व पाणी यांपासून बनतो. घरातील प्रत्येकासाठी निदान अर्धा ओप्वातेक येईल एवढा आणावा. रंगीत ओप्वातेक दिसला तर तो माणसांसाठी नसतो. पूर्वी गावाकडे तो गाईगुरांना चारत, कारण या रात्री जनावरांना वाचा फुटते अशी समजूत होती. परदेशी असलेल्या आप्तांना ओप्वातेक पत्रातून पाठवण्याची रीत अजूनही जिवंत आहे. तो सहज चुरतो, म्हणून दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेवावा.

दुसरी गोष्ट म्हणजे बीटच्या सुपासाठी लागणारे आंबवलेले पाणी. ते १५ ते १७ डिसेंबरच्या दरम्यान घालावे. एक किलो बीट सोलून जाड चकत्या कराव्यात, स्वच्छ काचेच्या बरणीत भराव्यात, त्यात लसणाच्या चार-पाच ठेचलेल्या पाकळ्या, दोन-तीन तमालपत्रे आणि ऑलस्पाइसचे पाच-सहा दाणे घालावेत. उकळून गार केलेल्या दीड लिटर पाण्यात साधारण ३० ग्रॅम मीठ विरघळवून ते पाणी वरून ओतावे. बीट पाण्याखाली बुडालेले राहिलेच पाहिजे, नाहीतर वर बुरशी धरते. त्यासाठी वर लहान बशी दाबून ठेवावी. बरणीच्या तोंडाला फडके बांधून ती स्वयंपाकघरात पाच ते सात दिवस ठेवावी आणि वर येणारा फेस रोज काढून टाकावा. पाणी गर्द लाल व आंबटसर झाले की गाळून फ्रिजमध्ये ठेवावे. बुरशी आलीच तर चव पाहण्याचा मोह टाळून सगळे टाकून द्यावे आणि दुकानातून तयार बाटली आणावी.

खरेदी २३ डिसेंबरपर्यंत पूर्ण करावी. २०२५ पासून २४ डिसेंबर हा पोलंडमध्ये सार्वजनिक सुटीचा दिवस झाला आहे. पुढचे २५ आणि २६ हे दिवसही सुटीचेच असतात. त्यामुळे विसरलेली वस्तू ऐनवेळी आणता येत नाही.

टेबल मांडताना

टेबलावर आधी मूठभर वाळलेले गवत पसरून त्यावर पांढरी चादर अंथरतात. येशू जन्मला त्या बेथलेहेमच्या गव्हाणीची हे गवत आठवण आहे. गवताची लहान जुडी बाजारात विकत मिळते. काही घरांत जेवणानंतर प्रत्येक जण चादरीखालून न पाहता एक काडी ओढतो; लांब काडी म्हणजे दीर्घायुष्य आणि हिरवी काडी म्हणजे लग्न असा तिचा अर्थ लावतात. पांढऱ्या चादरीवर मध्यभागी बशीत ओप्वातेक, शेजारी मेणबत्ती आणि बायबल ठेवावे.

त्यानंतर जेवणाऱ्यांपेक्षा एक ताट जास्त मांडावे. अवचित आलेल्या पाहुण्यासाठी हे ताट असते. या रात्री दार ठोठावणाऱ्या कोणालाही परत पाठवायचे नाही, असा त्याचा अर्थ. पण अनेक घरांत ते ताट त्या वर्षी निवर्तलेल्या किंवा दूर असलेल्या माणसाचेही असते. त्यामुळे त्या रिकाम्या खुर्चीवर पर्स, कोट किंवा भेटवस्तू कधीही ठेवू नयेत, आणि ‘इथे कोण बसणार आहे?’ असे सहज विचारण्यापूर्वी थोडे थांबावे. यजमान स्वतः सांगतील तेव्हा ऐकावे. माझ्या मते संपूर्ण विगिल्यात या रिकाम्या ताटाइतकी बोलकी गोष्ट दुसरी नाही. परक्या देशात एकट्याने राहणाऱ्या माणसाला बोलावण्याची जी पोलिश वृत्ती आहे, तिचे मूळही बहुधा याच ताटात आहे.

ख्रिसमसचे झाड जुन्या रीतीप्रमाणे २४ तारखेलाच सजवतात. हल्ली ते बऱ्याच ठिकाणी आधी उभे राहते, पण मुलांच्या हाताला काम म्हणून त्या दिवशी थोडी सजावट शिल्लक ठेवणे चांगले. ‘जशी विगिल्या, तसे सारे वर्ष’ अशी म्हण असल्यामुळे त्या दिवशी घरात भांडण होऊ नये याची सगळे काळजी घेतात. पाहुण्यानेही वादाचे विषय, विशेषतः राजकारण, दाराबाहेर ठेवावेत.

बारा पदार्थ

येशूच्या बारा प्रेषितांच्या, म्हणजे प्रमुख शिष्यांच्या, संख्येवरून बारा पदार्थ, असा आज सर्वत्र रूढ झालेला हिशेब आहे. पूर्वी सात, नऊ, अकरा अशा विषम संख्येचीही चाल होती. बारा ही संख्या ऐकून घाबरून जाऊ नये, कारण सुक्या फळांचे पेयही त्यात मोजतात. नियम एवढाच की मांस नसावे आणि प्रत्येक पदार्थाची निदान चव घ्यावी. या दिवशी मांस वर्ज्य करण्याचे चर्चचे बंधन आता उरलेले नाही, तरीही बहुसंख्य घरे ते स्वेच्छेने पाळतात. पण मासे चालतात, आणि इथेच शाकाहारी मराठी पाहुण्याने आधी बोलून ठेवले पाहिजे. तेलातली किंवा सायीतली हेरिंग आणि तळलेला कार्प हे मासे जवळजवळ प्रत्येक टेबलावर असतात, आणि काही घरांत सूपही माशांचे असते. याउलट कोबी व मशरूम भरलेल्या प्येरोगी (करंजीसारख्या उकडलेल्या पुड्या), वाटाणे घालून शिजवलेला कोबी, खसखशीचे गोड पदार्थ आणि फळांचे पेय यांवर शाकाहारी माणसाचे पोट उत्तम भरते. अंडेही न खाणाऱ्याने केक, शेवया आणि प्येरोगीच्या पारीविषयी आठवणीने विचारावे. आमंत्रण स्वीकारतानाच ‘मी मासे खात नाही, माझ्यासाठी वेगळे काही करू नका’ असे सांगितले की यजमानीण निर्धास्त होते.

सर्व पदार्थांत सर्वाधिक मान लाल बार्श्चचा, म्हणजे बीटच्या स्वच्छ, गाळीव सुपाचा. त्यात ‘उश्का’ म्हणजे ‘लहान कान’ या नावाच्या चिमुकल्या मशरूमच्या पुड्या सोडतात. (काही प्रदेशांत त्याऐवजी मशरूमचे सूप असते.) ५० ग्रॅम सुकी रानमशरूम आदल्या रात्री भिजत घालावीत. दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात ती मऊ शिजवून गाळून घ्यावीत आणि पाणी जपून ठेवावे, कारण सगळा सुगंध त्यातच असतो. गाजर, सेलरीचा कंद, कांदा, थोडे बीट आणि तमालपत्र यांचे सूप मंद आचेवर तासभर उकळून गाळावे. त्यात मशरूमचे पाणी आणि शेवटी आंबवलेले बीटचे पाणी चवीनुसार घालावे. यानंतर सूप केवळ गरम करावे, उकळू देऊ नये. उकळले की माणकासारखा लाल रंग जाऊन तपकिरी होतो आणि मग कितीही बीट घातले तरी तो परत येत नाही.

उश्कांसाठी पाव किलो मैद्यात चिमूटभर मीठ, चमचाभर तेल आणि साधारण १२५ मिलिलिटर कढत पाणी घालून मऊ कणीक मळावी व अर्धा तास झाकून ठेवावी. शिजलेली मशरूम बारीक चिरून परतलेल्या कांद्यात, मीठ-मिरी घालून, अगदी कोरडी होईपर्यंत परतावीत. सारण ओले राहिले तर पुडी उकळत्या पाण्यात फुटते. पोळी शक्य तितकी पातळ लाटून चार सेंटिमीटरचे चौकोन कापावेत, मध्ये थोडेसे सारण ठेवून त्रिकोणी घडी घालावी, कडा घट्ट दाबाव्यात आणि लांब बाजूची दोन टोके बोटाभोवती वळवून एकमेकांना चिकटवावीत. मोदकाला किंवा करंजीला हात सरावलेला असेल त्याला हे दहा मिनिटांत जमते. मिठाच्या उकळत्या पाण्यात उश्का वर तरंगल्यावर दोन मिनिटांनी काढाव्यात आणि चिकटू नयेत म्हणून तेलाचा हात लावून ठेवाव्यात. प्येरोगीही याच कणकेच्या, फक्त आकाराने मोठ्या आणि अर्धचंद्राकृती.

कार्पला काटे फार आणि तेही दुशाखी असतात, म्हणून तो खाताना बोलू नये हा सल्ला मनापासून घ्यावा. स्वतः करायचा असेल तर तुकडे दूधात किंवा कांदा-लिंबात काही तास मुरवून ठेवावेत, त्याने मातकट वास जातो. मग मीठ लावून मैद्यात घोळवून तळावेत. टेबलावर त्याचे खवले दिसले तर नवल करू नये. वर्षभर पैसा टिकावा म्हणून लोक एखादा खवला पाकिटात ठेवतात, आणि पाहुण्याला दिला तर तो आनंदाने घ्यावा.

गोड पदार्थांवरून कुटुंब कुठले ते ओळखता येते. गहू, वाटलेली खसखस, मध आणि अक्रोड यांची ‘कूत्या’ ही मूळची पूर्वेकडची. १९४५ नंतर सीमा बदलल्या आणि पूर्वेकडील घरे सोडून आलेली कुटुंबे व्रोत्सवाफच्या परिसरात वसली, तेव्हा त्यांच्याबरोबर तीही पश्चिमेला आली. श्लोंस्क प्रांतात पाव, दूध आणि खसखस यांची ‘माकूफ्की’ असते, तर इतरत्र खसखशीच्या शेवया. खसखशीचा गुंडाळलेला केक, ‘माकोव्येत्स’, बहुतेक ठिकाणी मिळतो. ही खसखस निळसर करडी असते. ती कढत दुधात भिजवून, निथळून, दोन-तीनदा बारीक वाटावी लागते. एकदाच वाटली तर दाताखाली वाळूसारखी लागते.

संध्याकाळचा क्रम

पाहुण्याने वेळेवर आणि नीटनेटक्या, सणाच्या पोशाखात जावे. डिसेंबरअखेरीस वॉर्सात दुपारी साडेतीनच्या आसपासच सूर्य मावळतो, त्यामुळे बोलावणे चार-पाचचे असते. सोबत फुले न्यायची असल्यास विषम संख्येने न्यावीत, कारण सम संख्येची फुले अंत्यविधीला शोभतात असे मानतात. विगिल्याच्या टेबलावर दारू न ठेवणारी घरे पुष्कळ असल्यामुळे बाटलीपेक्षा मिठाई बरी. जोडे दारात काढावे लागतील हे धरून चालावे.

दिवसभर घरातली मोठी माणसे फारसे काही खात नाहीत. लहान मुले खिडकीशी उभी राहून आकाशातला पहिला तारा शोधतात, आणि तो दिसला, किंवा ढगांमुळे दिसलाच असे मानले, की सगळे टेबलाभोवती जमतात. कुटुंबातील एक जण बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातून येशूच्या जन्माची कथा वाचतो आणि प्रार्थना होते. या वेळी सर्वांसारखे उभे राहणे पुरेसे आहे. प्रार्थना येत नसेल तर ओठ हलवण्याचीही गरज नाही.

मग येतो ओप्वातेक. प्रत्येकाला एक-एक तुकडा मिळतो. तो लगेच खायचा नाही. तुकडा हातात धरून एका माणसापाशी जावे, त्याच्या ओप्वातेकचा कणभर भाग मोडून घ्यावा, त्याला आपल्यातला मोडू द्यावा, शुभेच्छा द्याव्यात आणि मग तो कण खावा. अशा रीतीने खोलीतील प्रत्येकाकडे जायचे, आजीपासून पाच वर्षांच्या नातवापर्यंत. हा ओप्वातेक म्हणजे मिस्सेत ख्रिस्ताचे शरीर मानून दिली जाणारी पवित्र भाकर नव्हे, म्हणून हिंदू, मुसलमान किंवा कोणताही धर्म न मानणारा पाहुणा तो निःसंकोच घेऊ शकतो, आणि नाकारला तर यजमानांना खरोखरच वाईट वाटते. खरी तयारी लागते ती शुभेच्छांची. सर्वांना एकच ठरावीक वाक्य म्हणणे इथे कोरडे वाटते. ज्याच्यासमोर उभे आहोत त्याच्या आयुष्यात त्या वर्षी काय घडले, पुढच्या वर्षी त्याला काय हवे आहे, याचा आधी विचार करून यावे. आजारातून उठलेल्याला प्रकृतीचे, परीक्षेला बसणाऱ्याला परीक्षेचे, ज्याच्याशी वर्षभर कडवटपणा राहिला त्याला क्षमेचे दोन शब्द बोलावेत. डोळ्यांत पाणी येणारी माणसे या वेळी बरीच दिसतील. त्यांच्याकडे पाहून अवघडून जाऊ नये. पोलिश येत नसेल तर ‘झ्द्रोव्या’ म्हणजे आरोग्य आणि ‘श्चेंश्चा’ म्हणजे सुख, एवढे दोन शब्द आणि ‘वेसोविख श्व्योंत’, म्हणजे सणाच्या शुभेच्छा, पाठ करून जावे. उरलेले इंग्रजीत किंवा चक्क मराठीत बोलले तरी समोरचा ते मानाने ऐकतो.

जेवण सावकाश चालते. मध्येच टेबलावरून उठणे जुन्या समजुतीनुसार अशुभ मानतात, म्हणून वाढण्याच्या मदतीचा आग्रह एकदाच धरावा. गप्पांसाठी मराठी माणसाकडे एक विषय हक्काचा आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत भूमीतून सुटून आलेल्या सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांना, ज्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीने आसरा दिला. हे नाव टेबलावरच्या एखाद्या वृद्धाला माहीत असण्याची शक्यता आपल्या अपेक्षेपेक्षा जास्त असते.

जेवणानंतर झाडाखालच्या भेटी उघडतात. त्या कोण आणतो हे प्रांतागणिक बदलते : पोझ्नानच्या बाजूला ‘ग्व्याझ्दोर’, क्राकूफकडे देवदूत, श्लोंस्कमध्ये बाळ येशू, तर अन्यत्र संत निकोलस. म्हणून मुलांसमोर याबाबत काही बोलण्याआधी त्या घरातले उत्तर ऐकून घ्यावे. त्यानंतर ‘कोलेंदी’, म्हणजे नाताळगीते, गातात. शब्द माहीत नसतील तर सुरात सूर मिसळावा.

मध्यरात्री ‘पास्तेर्का’, म्हणजे मेंढपाळांची मिस्सा, असते. चर्च खच्चून भरते आणि उशिरा पोचणाऱ्याला बाहेर बर्फात उभे राहावे लागते, म्हणून अर्धा तास आधी निघावे आणि जाड मोजे घालावेत. इथे एक फरक लक्षात ठेवावा. ओप्वातेक सर्वांचा आहे, पण कम्युनियन, म्हणजे मिस्सेत दिली जाणारी ती पवित्र भाकर, केवळ कॅथलिकांसाठी आहे. रांग पुढे जात असताना अन्यधर्मीयाने आपल्या जागी शांत बसून राहावे. त्यात कोणाला काही खटकत नाही. परतीच्या वाटेचा विचार मात्र आधी करावा, कारण त्या रात्री बस आणि ट्राम फार विरळ असतात.

नंतरचे दिवस

२५ तारीख घरातल्या घरात, शांतपणे घालवतात आणि आता टेबलावर मांस येते. त्या दिवशी न कळवता कोणाकडे जाऊ नये. भेटीगाठी २६ तारखेला, संत स्टीफनच्या दिवशी, होतात. यजमानांना आभाराचा फोन करायलाही तोच दिवस योग्य. पुढील आठवड्यांत धर्मगुरू घरोघरी आशीर्वाद देण्यासाठी फिरतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्या परक्याच्या दारावरही ते थाप मारू शकतात. ‘मी कॅथलिक नाही’ असे नम्रपणे सांगितले तरी चालते, किंवा आत बोलावून चहा दिला तरी चालते.

६ जानेवारी हा तीन राजांचा सण २०११ पासून पुन्हा सार्वजनिक सुटीचा झाला आहे. त्या दिवशी चर्चमधून आशीर्वादित खडू आणतात आणि दाराच्या चौकटीवर काट्स्पेर, मेल्ख्योर व बाल्ताझार या राजांची आद्याक्षरे आणि नव्या वर्षाचा आकडा लिहितात. झाड मात्र काही घरांत २ फेब्रुवारीपर्यंत उभे असते. भाड्याने घेतलेल्या घराच्या दारावर असे खडूचे अक्षर आधीपासून असेल तर साफसफाई करताना ते पुसू नये. ते वर्षभर तिथेच राहते आणि पुढच्या ६ जानेवारीला त्याच जागी नवे लिहिले जाते.